मंडन–हिदात्सा–अरिकारा राष्ट्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॉर्थ डकोटा राज्याच्या पश्चिम भागात, मिसूरी नदीच्या दोन्ही तीरांवर राहणारा तीन मूळ अमेरिकन जमातींचा संयुक्त समाज. ‘तीन संलग्न जमाती’ हे त्याचे वैधानिक नाव असून मंडन, हिदात्सा व अरिकारा या तीन जमातींचा त्यात अंतर्भाव होतो. या समाजाचा फोर्ट बर्थोल्ड हा राखीव प्रदेश जलाशयासह सु. ४,००० चौ. किमी. आहे. न्यू टाउन हे त्याचे प्रशासकीय केंद्र होय. नोंदणीकृत सदस्यांची संख्या १६,००० हून अधिक आहे; त्यांपैकी पुष्कळ लोक राखीव प्रदेशाबाहेर राहतात. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत, म्हणजे प्रेअरीत, राहणारे सर्वच मूळ रहिवासी रानरेड्यांच्या कळपांमागे भटकणारे शिकारी होते, असा समज रूढ आहे. या तीन जमाती त्याला ठळक अपवाद होत. त्या शेती करणाऱ्या आणि कायम वस्तीची गावे वसविणाऱ्या होत्या. दीर्घकाळ एकमेकींच्या शेजारी व पुढे एकाच गावात राहूनही त्यांनी आपापली भाषा टाकली नाही, हे या समाजाचे वैशिष्ट्य होय. शेजारच्या भाषांच्या सहवासात टिकलेल्या या भाषांचा ऱ्हास कसा झाला, हा त्यांच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

नावे : मंडन लोक स्वतःला ‘नुएता’ म्हणतात, त्याचा अर्थ ‘आपण, आपले लोक’ असा होतो. ‘मंडन’ हे नाव शेजारच्या डकोटा लोकांनी वापरलेल्या शब्दावरून आले असावे. हिदात्सांना जुन्या लिखाणात ‘मिनितारी’ म्हटलेले आढळते. हे नाव मंडनांनी दिलेले असून नदी ओलांडून आलेले, असा त्याचा आशय आहे. फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्यांना ‘ग्रो व्हान्त्र’ (मोठ्या पोटाचे) हे नाव दिले. परंतु माँटॅना राज्यातील एका वेगळ्या जमातीसही तेच नाव मिळाल्याने अभ्यासकांचा बराच घोटाळा झाला. अरिकारा लोक स्वतःला ‘सानिश’ (माणसे) म्हणवितात. त्यांच्या नावाचे ‘री’ हे संक्षिप्त रूप जुन्या कागदपत्रांत आढळते. फोर्ट बर्थोल्ड हे नाव बार्थोलोम्यू बर्थोल्ड या फरच्या व्यापाऱ्यावरून पडलेल्या एका वखारीचे होते. पुढे ते राखीव प्रदेशास मिळाले.

वसाहती व जीवन : मंडनांची जुनी गावे हार्ट नदी मिसूरीस मिळते त्या परिसरात, म्हणजे आजच्या बिस्मार्क शहराजवळ होती. हिदात्सांची गावे त्यांच्या उत्तरेस, नाइफ नदीच्या मुखाशी होती. हिदात्सांचे तीन उपगट होते. त्यांच्यातूनच क्रो ही जमात वेगळी होऊन पश्चिमेस गेली आणि शेती सोडून शिकारीवर राहू लागली. अरिकारा मूळचे दक्षिणेकडचे. नेब्रॅस्कातील पॉनी जमातीचे ते निकटचे भाऊबंद असून मिसूरीच्या काठाने ते क्रमाक्रमाने उत्तरेस सरकत आले.

तिन्ही जमातींचे लोक मातीच्या घुमटाकार घरांत राहत. चार भक्कम मध्यस्तंभ, त्यांवर तुळया, त्यांवर वाळुंज जातीच्या झाडाच्या डहाळ्या व गवत आणि सर्वांवर मातीचा जाड थर, अशी त्यांची रचना असे. अशा घराचा व्यास सामान्यतः १२ ते १८ मी. असे आणि त्यात एका मोठ्या कुटुंबासह कधीकधी घोडेही सामावत. घर, शेत आणि शेतमाल यांवर स्त्रियांचा हक्क असे. विवाहानंतर पुरुष पत्नीच्या घरी राहावयास जाई. मंडन व हिदात्सांमध्ये कुळही आईकडून चाले. नदीकाठच्या पूरमैदानातील मऊ गाळात स्त्रिया मका, घेवड्याच्या जातीची कडधान्ये, भोपळे व सूर्यफूल पिकवीत. त्या प्रदेशातील अल्प उन्हाळ्यात तयार होणारी मक्याची हळवी वाणे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडीने सिद्ध केली होती. धान्य सुरईच्या आकाराच्या खोल पेवांत साठवीत. नदी ओलांडण्यासाठी वाळुंजाच्या काड्यांच्या सांगाड्यावर रेड्याचे कातडे ताणून केलेली टोपलीसारखी गोल होडी वापरीत.

या शेतीची सविस्तर माहिती आज उपलब्ध आहे, ती प्रामुख्याने ‘बफेलो बर्ड वूमन’ (सु. १८३९–१९३२) या हिदात्सा स्त्रीमुळे. तिने सांगितलेली शेतीची सर्व कामे, पेरणीपासून पेवे भरण्यापर्यंत, गिल्बर्ट विल्सन या मानवशास्त्रज्ञाने लिहून घेतली. तिचा मुलगा एडवर्ड गुडबर्ड याने दुभाष्याचे काम केले. हा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका अमेरिकन जमातीच्या कृषिज्ञानाचे इतके तपशीलवार वर्णन क्वचितच आढळते. बिस्मार्कचे बियाणे-व्यापारी ऑस्कर विल यांनी हिदात्सांकडून मिळालेल्या बियांतून ‘ग्रेट नॉर्दर्न’ हे पांढऱ्या घेवड्याचे वाण बाजारात आणले. ते आजही अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पिकविले जाते.

शेतीतील शिलकीमुळे ही गावे विस्तृत व्यापाराची केंद्रे बनली. असिनिबॉइन, क्री, क्रो, शायेन इ. जमाती वाळविलेले मांस व कातडी घेऊन येत आणि मका घेऊन जात. दक्षिणेकडून घोडे आणि ईशान्येकडून बंदुका येथे येऊन मिळत. व्यापारासाठी येणाऱ्या लोकांच्या भाषा अनेक असल्याने हातांच्या खुणांची एक सामाईक भाषा मैदानी प्रदेशात प्रचलित होती. तिचाही वापर या गावांत होई.

इतिहास : यूरोपीयांपैकी ला व्हेरेंद्री हा फ्रेंच-कॅनेडियन प्रवासी १७३८ मध्ये मंडनांकडे आला. १७८१ च्या सुमारास देवीच्या साथीने हार्ट नदीकाठची अनेक गावे ओस पडली. उरलेले मंडन उत्तरेस सरकून हिदात्सांच्या शेजारी स्थायिक झाले. १८०४-०५ च्या हिवाळ्यात मेरिवेदर ल्यूइस आणि विल्यम क्लार्क यांच्या मोहिमेचा मुक्काम मंडनांच्या गावाजवळ पडला. त्या वेळी मंडन-हिदात्सांच्या पाच गावांतील लोकसंख्या सु. ४,००० होती. या मोहिमेबरोबर पुढे पश्चिमेस गेलेली साकाकाविआ ही शोशोनी स्त्री हिदात्सांच्या गावातच राहत होती. चित्रकार जॉर्ज कॅटलिन (१८३२) आणि जर्मन निसर्गाभ्यासक माक्सिमिलिआन व त्याचा चित्रकार कार्ल बोडमर (१८३३-३४) यांनी मंडन समाजाचे जे चित्रण केले, ते त्याच्या भरभराटीच्या काळाचे अखेरचे दर्शन ठरले. मंडन हे वेल्श वंशाचे असल्याची कल्पना कॅटलिनने उचलून धरली होती. तिला भाषिक वा अन्य कोणताही आधार नाही.

अरिकारांचे व्यापाऱ्यांशी संबंध अधिक तणावाचे होते. १८२३ मध्ये त्यांनी एका व्यापारी तुकडीवर हल्ला केल्यावर कर्नल लेव्हनवर्थच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सैन्याने त्यांच्या गावांवर तोफा डागल्या. त्यांना गावे सोडावी लागली व अनेक वर्षांच्या भटकंतीनंतर १८३७ च्या वसंतात ते मंडनांच्या शेजारी आले.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘सेंट पीटर्स’ ही आगबोट व्यापारी माल घेऊन फोर्ट क्लार्क येथे पोहोचली. तिच्यावर देवीचे रुग्ण होते. काही महिन्यांत साथीने मंडन जमात जवळजवळ नष्ट केली. सु. १,६०० ते २,००० लोकांपैकी दीडशेच्या आतच उरले. मातो-तोपे (चार अस्वले) हा त्यांचा नामांकित प्रमुखही या साथीत मरण पावला. हिदात्सा व अरिकारांपैकी सु. निम्मे लोक दगावले. देवीची लस त्या काळी उपलब्ध होती. मूळ जमातींच्या लसीकरणासाठी अमेरिकन काँग्रेसने १८३२ मध्ये कायदाही केला होता. तथापि त्या मोहिमेतून मंडन व त्यांच्यापलीकडील जमाती वगळण्यात आल्या होत्या.

एकत्र आल्याशिवाय लकोटांच्या चढायांपुढे टिकाव लागणार नाही, हे उरलेल्यांच्या ध्यानी आले. १८४५ मध्ये हिदात्सा व मंडन यांनी मिसूरीच्या एका वळणावर नवे गाव वसविले. नदीचे वळण गळाच्या आकाराचे असल्याने त्यास ‘लाइक-अ-फिशहुक’ (गळासारखे) असे नाव मिळाले. १८६२ मध्ये अरिकाराही तेथे आले. एका तटबंदीच्या आत तीन जमाती आपापल्या भागांत राहत. प्रत्येकीचे सण, विधी व गृहसमूह वेगळे होते. मंडनांच्या भागात मध्यभागी मोकळे पटांगण व त्यात त्यांच्या ‘एकला पुरुष’ या आदिपुरुषाचे पवित्र स्थान होते. अरिकारांची ‘मका-माता’ ही देवता व त्यांच्या पूजेची पवित्र गाठोडी त्यांच्या भागात असत. आजच्या संयुक्त समाजाची घडण या गावात झाली.

राखीव प्रदेश : १८५१ च्या फोर्ट लॅरमी तहाने या तीन जमातींचा म्हणून १·२ कोटी एकरांहून अधिक प्रदेश मान्य करण्यात आला. त्यातील बहुतेक प्रदेश पुढील चाळीस वर्षांत त्यांच्या हातून गेला. १८७० व १८८० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी तो कमी करण्यात आला. यांपैकी दुसऱ्या आदेशामागे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे हितसंबंध होते. १८८६ मध्ये झालेल्या व १८९१ मध्ये काँग्रेसने मान्य केलेल्या करारानंतर तो दहा लाख एकरांच्या आत आला. या जमातींनी अमेरिकन शासनाशी युद्ध पुकारले नव्हते. उलट १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या सैन्याबरोबर अरिकारा वाटाडे होते व त्यांपैकी काही तेथे मारले गेले.

१८८७ च्या डॉझ कायद्यान्वये सामुदायिक जमिनीचे व्यक्तिगत वाटप सुरू झाले. लाइक-अ-फिशहुक हे गाव मोडले आणि लोक नदीकाठी विखुरलेल्या वाट्यांवर राहावयास गेले. मात्र विखुरतानाही ते जमातवार विखुरले. अरिकारा पूर्वेकडील निशू व एल्बोवुड्स या भागांत, हिदात्सा प्रामुख्याने इंडिपेंडन्स, लकी माउंड व शेल क्रीक येथे, तर मंडन नदीच्या दक्षिणेस राहू लागले. त्यामुळे वस्त्यांचे भाषिक स्वरूप बऱ्याच अंशी कायम राहिले. १९३४ च्या इंडियन पुनर्रचना कायद्यानुसार १९३६ मध्ये तिन्ही जमातींनी एक संविधान स्वीकारले व निर्वाचित परिषद स्थापन केली.

गॅरिसन धरण : मिसूरीच्या १९४३ मधील पुरांनंतर १९४४ मध्ये पिक–स्लोन योजना मंजूर झाली. पूरनियंत्रण, वीज, सिंचन व जलवाहतूक ही तिची उद्दिष्टे होती. तीनुसार राखीव प्रदेशाच्या खालच्या अंगास गॅरिसन येथे सु. ६४ मी. उंच व सु. ३·४ किमी. लांब मातीचे धरण बांधण्याचे ठरले. जमातींच्या परिषदेने त्यास विरोध केला आणि आपल्या प्रदेशात अधिक वरच्या बाजूस पर्यायी जागा विनामूल्य देऊ केली. ती नाकारण्यात आली. २० मे १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे जमीन-हस्तांतराच्या करारावर सही झाली. गृहखात्याचे मंत्री ज्यूलिअस क्रुग सही करीत असताना परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट हाताने चेहरा झाकून रडत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

१९५३ मध्ये धरणात पाणी अडविण्यास प्रारंभ झाला. जमातींची १,५२,३६० एकर जमीन, म्हणजे राखीव प्रदेशाच्या एकचतुर्थांशाहून अधिक भाग, जलाशयाखाली गेली. सु. ३२५ कुटुंबांना, म्हणजे सु. ८० टक्के लोकांना, स्थलांतर करावे लागले. बुडालेली जमीन हा राखीव प्रदेशातील सर्वांत सुपीक भाग होता. मळे, इंधनाचे लाकूड, रानफळे व औषधी वनस्पती या सर्वांचा आधार असलेले पूरमैदान नाहीसे झाले. वर उरली ती वाऱ्याने झोडपलेली, पाण्याची टंचाई असलेली माळजमीन. एल्बोवुड्स हे प्रशासनाचे गाव, तेथील शाळा व रुग्णालय बुडाले. लाइक-अ-फिशहुकचे अवशेषही पाण्याखाली गेले. १९५०–५४ या काळात घाईने केलेल्या उत्खननातून त्याची थोडीफार माहिती वाचविता आली. जलाशयास ‘लेक साकाकाविआ’ हे नाव देण्यात आले.

भरपाईपोटी त्या काळी सु. १·२६ कोटी डॉलर मिळाले. ही रक्कम अपुरी असल्याचे काँग्रेसनेच पुढे मान्य केले आणि १९९२ मध्ये १४·९२ कोटी डॉलरांचा निधी मंजूर केला. पैशात न मोजता येणारी हानी वस्तीरचनेची झाली. सुमारे २८५ किमी. लांबीच्या जलाशयाच्या फाट्यांनी राखीव प्रदेशाचे पाच तुकडे पडले. पूर्वी नदीपलीकडे सहज जाता येई, तेथे शेकडो किलोमीटरांचा वळसा पडू लागला. अरिकारा व्हाइट शील्ड येथे, मंडन ट्विन ब्यूट्स येथे आणि हिदात्सा बव्हंशी मँडरी येथे गेले. मँडरी हे नाव मंडन, हिदात्सा व री या तीन नावांची अक्षरे जुळवून बनविलेले आहे. अनेक कुटुंबे न्यू टाउन व पार्शल या संमिश्र गावांत वा दूरच्या शहरांत गेली.

भाषा : मंडन व हिदात्सा या सूअन कुलातील भाषा होत. लकोटा, डकोटा, असिनिबॉइन, ओमाहा, क्रो इ. भाषा याच कुलात मोडतात. हिदात्सा व क्रो मिळून त्याची एक शाखा होते. मंडनचे स्थान कुलात स्वतंत्र आहे. तिला निकटची बहीण नाही. त्यामुळे मंडन व हिदात्सा दीर्घकाळ शेजारी असूनही एकीच्या भाषकास दुसरी आपोआप कळत नसे. अरिकारा ही कॅडोअन कुलातील असून पॉनी तिची जवळची भाषा आहे. सूअन व कॅडोअन या कुलांतील नाते सिद्ध झालेले नाही. अरिकारा व हिदात्सा यांच्यात, मराठी व कन्नडप्रमाणे, कुलाचाच भेद आहे.

मंडन क्रियापदाचे एक वैशिष्ट्य असे, की विधानाच्या शेवटी येणारा प्रत्यय श्रोत्याच्या लिंगानुसार बदलतो. पुरुषास उद्देशून ‘-ओश’ व स्त्रीस उद्देशून ‘-ओरे’ असा तो लागतो. मराठीत ‘मी जातो’, ‘मी जाते’ यांतील भेद बोलणाऱ्याच्या लिंगाचा आहे. ‘रे’ व ‘गं’ या संबोधनांत मात्र श्रोत्याचे लिंग दिसते. जे मराठीत ऐच्छिक संबोधन आहे, ते मंडनमध्ये क्रियापदाच्या रूपाचाच भाग आहे. हिदात्सात ‘म’ व ‘व’, तसेच ‘न’ व ‘र’ हे स्वतंत्र वर्ण नसून स्थानानुसार एकमेकांच्या जागी येतात. ‘स्त्री’ या अर्थाचा शब्द पदारंभी ‘मीआ’, तर समासात ‘वीआ’ असा उच्चारला जातो. साकाकाविआ (पक्षी-स्त्री) या नावाचे अंत्यपद तेच आहे. अरिकारात मूळ वर्ण थोडे, परंतु शब्दरचना अतिशय गुंतागुंतीची असते. कर्ता, कर्म, काळ, क्रियेची रीत इ. अनेक घटक एकाच क्रियापदात गुंफले जाऊन एक शब्द पूर्ण वाक्याचे काम करतो. शब्दाच्या अखेरचे स्वर पुष्कळदा कुजबुजल्यासारखे, अघोष उच्चारले जातात. परक्या कानास ते ऐकूही येत नाहीत.

या भाषांच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत आल्या. माक्सिमिलिआनने मंडन शब्दसंग्रह केला. फोर्ट बर्थोल्ड येथे सैन्यात वैद्य असलेल्या वॉशिंग्टन मॅथ्यूज यांचा हिदात्सांविषयीचा ग्रंथ १८७७ मध्ये निघाला. त्यात व्याकरण व कोश आहे. एडवर्ड केनर्ड यांनी १९३६ मध्ये मंडन व्याकरण प्रसिद्ध केले, तर रॉबर्ट हॉलो यांनी १९७० मध्ये मंडन कोश सिद्ध केला. डग्लस पार्क्स यांनी अरिकारांच्या पारंपरिक कथा मूळ भाषेत संपादित करून १९९१ मध्ये प्रसिद्ध केल्या.

ऱ्हासाची कारणे : एकोणिसाव्या शतकात या समाजात बहुभाषिकत्व सामान्य होते. विशेषतः मंडनांना हिदात्सा भाषा येत असे. आंतरजातीय विवाह होत असले, तरी मूल आईच्या घरी, मावश्या व आजी यांच्यात वाढत असल्याने घराची भाषा टिकून राही. एकमेकींची भाषा समजण्यासाठी आपली भाषा टाकावी लागत नसे. १८३७ च्या साथीने मंडनभाषकांची संख्या धोकादायक पातळीवर आणली. तरीही ती भाषा आणखी पावणेदोन शतके बोलली गेली. केवळ भाषकांची अल्पसंख्या हे भाषेच्या अस्तास पुरेसे कारण नसते, असे यावरून दिसते.

या व्यवस्थेवर पहिला आघात शाळांनी केला. १८७८ मध्ये फोर्ट बर्थोल्ड येथील काही मुले व्हर्जिनियातील हॅम्प्टन संस्थेत पाठविण्यात आली. १८८७ मध्ये केंद्रीय इंडियन आयुक्त ॲटकिन्स यांनी इंडियन शाळांतून केवळ इंग्रजीच शिकविण्याचा आदेश काढला. निवासी शाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत. त्या पिढीने पुढे आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलणे पसंत केले, हे स्वाभाविक होते. दुसरा आघात धरणाचा. नदीकाठच्या वस्त्यांत एका भाषेचे शेजार, सामाईक मळे व म्हाताऱ्यांचा नित्य सहवास होता. स्थलांतराने तो तुटला. संमिश्र गावांत तीन भाषांच्या लोकांना जोडणारी भाषा म्हणून परस्परांच्या भाषा नव्हे, तर इंग्रजी पुढे आली. पेरणी, पेवे, होडी, नदीकाठच्या वनस्पती यांचे शब्द ज्या कामांशी निगडित होते, ती कामेच उरली नाहीत.

सद्यःस्थिती : मंडन ही मातृभाषा म्हणून अस्खलितपणे बोलणारे अखेरचे गृहस्थ एडविन बेन्सन हे डिसेंबर २०१६ मध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी निवर्तले. आजी-आजोबांच्या घरी वाढल्याने त्यांना ती भाषा मिळाली होती. ट्विन ब्यूट्सच्या शाळेत त्यांनी ती अनेक वर्षे मुलांना शिकविली आणि अभ्यासकांना तिची ध्वनिमुद्रणे करू दिली. अरिकाराच्या अस्खलित जन्मभाषकांची पिढी जवळजवळ संपली आहे. हिदात्साची स्थिती तुलनेने बरी असली, तरी तिचे भाषक बव्हंशी वयोवृद्ध आहेत. १९७३ मध्ये न्यू टाउन येथे स्थापन झालेल्या जमातींच्या महाविद्यालयाचे नाव आता ‘नुएता हिदात्सा सानिश महाविद्यालय’ असे असून तेथे व शाळांत तिन्ही भाषांचे शिक्षण दिले जाते. कोश, पाठ्यपुस्तके व जुन्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे प्रौढही त्या शिकत आहेत.

२००८ च्या सुमारास बाकन खडकस्तरांतील खनिज तेलाच्या उत्पादनास वेग आला आणि राखीव प्रदेशाचे अर्थकारण पालटले. जमातींना मोठे उत्पन्न मिळू लागले. त्याबरोबर अवजड वाहतूक, प्रदूषण, गुन्हेगारी व घरभाड्यांतील वाढ हे प्रश्नही आले. या उत्पन्नाचा काही भाग आरोग्य, गृहबांधणी व भाषाशिक्षणाकडे वळविण्यात आला आहे. नाइफ नदीकाठची जुनी गावे १९७४ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून संरक्षित असून कोसळलेल्या मृत्तिकागृहांची वर्तुळाकार खोलगट चिन्हे तेथील गवतात आजही दिसतात. भाषा मात्र अशा रीतीने जतन करता येत नाही. कोश व ध्वनिमुद्रणे यांनी तिची नोंद राहते, पण ती टिकते ती घरात मुलांशी बोलली गेली तरच. पूर्वी हे काम आईचे घर व त्यातील वडीलधाऱ्या स्त्रिया करीत. आज ते बव्हंशी शाळा व महाविद्यालय यांच्यावर येऊन पडले आहे. तिन्ही भाषांचे भवितव्य या नव्या शिकणाऱ्यांच्या घरांतून त्या पुन्हा बोलल्या जातात किंवा नाही, यावर अवलंबून राहील.